बारक्याचे उपास

कुत्र्याले उपास धरायले लावणारा माणूस तुमी पाह्यला काय? मी पाह्यला. त्याच माणसाच्या नावाचं मंगळसूत्र माह्या गळ्यात आहे.

हसू नका. पहिले मीही हसलती.

आमचे हे, कृष्णकांत मास्तर. वर्ध्यातल्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. सगळी हयात पोरायचे कान पिळण्यात गेली, अन् रिटायर झाल्यावर पिळायले कानच उरले नाई. आमचा निशांत हैदराबादले नोकरीवर, सूनही तिकडंच. मास्तर दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडं पाहत. त्यातच एक दिवस छातीत कळ आली, नागपूरले नेलं, हृदयात स्प्रिंग टाकली. घरी आल्यावर तं बोलणंच बंद झालं. चहा ठेवला तरी हूं, भाजी खारट झाली तरी हूं. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं होतं, यायले जपा, रोज फिरवा, मनाले धक्का बसन अशी कोणतीही गोष्ट यायच्या कानावर घालू नका. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, कानावर घालायले हा माणूस ऐकते कुठं!

मंग त्यायनं मोबाईलवर नागपूरच्या एका माणसाची जाहिरात पाह्यली. यॉर्कशायर टेरियर. इंग्लंडची जात म्हणे. केस रेशमाचे, अंग एवढंसं, जन्मभर मांडीवर मावते. मले वाटलं, पाहतीन अन् सोडून देतीन. पण मास्तर सकाळच्या बसनं गेले अन् दुपारी पिल्लू घेऊन हजर. माह्या ओंजळीत ते मावलं अन् वरून जागा उरली. काळंभोर अंग, तोंडाजवळ तांबूस. पापडाच्या रिकाम्या डब्यात मी त्याले जुना गमछा टाकून झोपवलं. कागदावर त्याचं नाव प्रिन्स होतं. मी म्हटलं, कायचा प्रिन्स? बारक्या म्हणू.

अन् मास्तर हसले. खळखळून हसले. मी देवघराकडं पाहून मनात म्हटलं, बाप्पा, हा जीव या घरात टिकू दे. याच्यापायी माहा माणूस बोलता झाला.

खरंच बोलता झाला. इतका, का नको नको होऊन जाये. दूधवाला आला तरी त्याले यॉर्कशायरचा धडा. सिलेंडरवाला आला तरी धडा. कान कसे उभे पाहिजे, केसाचा भांग पाठीवर मधोमध कसा पडला पाहिजे, अन् वजन सव्वातीन किलोच्या वर गेलं का ती जात नाई, असं ते बोट वर करून सांगत. रोज सकाळी स्वतःच्या कंगव्यानं बारक्याचा भांग पाडत. माह्या केसाले उभ्या जन्मात त्यायनं हात लावला नाई, पण त्या कुत्र्याच्या डोळ्यावर केस येतात म्हणून रबर लावून शेंडी बांधत. मी चिडवे, "सवतच आणली म्हणा ना!" तं म्हणत, "तू म्हातारी झाली, ते अजून तरणं आहे." अशी मस्करी आमच्या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती.

पण बारक्या वाढला.

आता जीव आहे, वाढणारच. पण तो थांबेचना. मास्तर दर रविवारी त्याले काखेत घेऊन वजनकाट्यावर उभे राहत, मंग त्याले खाली ठेवून एकटे उभे राहत, अन् मनातल्या मनात वजाबाकी करत. वजाबाकी दर रविवारी मोठी होत गेली. चार झाला, पाच झाला, अन् बघता बघता आठच्या घरात गेला. पाय लांब निघाले. एक कान उभा, एक पडलेला. केस मात्र तेच, रेशमी, जमिनीले टेकणारे. मांडीवर घेतला का अर्धा बारक्या मांडीवर अन् अर्धा खाली लोंबे. मले तं तो असाच आवडे. घरात काहीतरी भरलेलं वाटे. कुकरची शिट्टी झाली का माह्या पायात येऊन उभा राहे, अन् मी बसली का सगळं अंग माह्या पाठीले टेकवून बसे. त्याच्या अंगाची ऊब अजून मले पाठीले लागते.

शेजारचे बबनराव, एसटीतून रिटायर झालेले. त्यायची जीभ म्हणजे कात्री. एक दिवस फाटकातून ओरडले, "काय मास्तर, यॉर्कशायर म्हणता की जर्सी? दूध किती देते?" घरायची सगळी लाईन हसली. दुसरा कोणी म्हणे, "करायले गेले गणपती अन् झाला मारुती." मास्तर बारक्याले घेऊन आत आले अन् चपला न काढताच खुर्चीत बसले. ज्या माणसानं चाळीस पोरायच्या वर्गात कोणाले हू का चू करू देलं नाई, त्याले ते हसणं लय लागलं.

नागपूरच्या माणसाले त्यायनं फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, साहेब, माल अस्सल आहे, तुमच्याकडं खाणं जास्त होऊन राह्यलं.

झालं! माहा नंबर लागला. "तूच पोळ्या चारतं. तूच त्याले सांडासारखा केला."

"अवो, मी पोळ्या चारल्या तं पोट वाढन. पाय कसे लांब होतीन?"

"तुले काय समजते त्यातलं?"

मले समजत नाई, बरोबर आहे. मी फक्त दोन लेकरं वाढवली, एक माहं अन् एक माह्या नणदेचं. लेकरू वाढते तेव्हा ते कागद पाहून वाढत नाई, एवढं मले समजते.

मास्तर दर संकष्टीले केळझरले जातात. सकाळची बस धरायची, गणपतीचं दर्शन घ्यायचं, दुपारपर्यंत परत. दिवसभर कडक उपास, चंद्र निघाल्यावर जेवण. हे आमच्या लग्नाच्या पहिलेपासून चालू आहे. तर त्या संकष्टीले परत आले, पायावर पाणी घेतलं, अन् बारक्याची ताटली उचलून ओट्यावर ठेवली.

"आजपासून याचाही उपास."

मले वाटलं मस्करी करून राह्यले. मी हसली. पहिले हसलती म्हटलं ना, ते इथंच.

"कुत्र्याले कायचा उपास हो?"

"घरातल्या माणसायले उपास, मंग याले काऊन नाई? घरातलाच आहे ना? वजनही उतरन अन् पुण्यही लागन."

"पुण्य कोणाले लागन? त्याले का तुमाले?"

"सुधा, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नको."

बारक्या दिवसभर ओट्याखाली बसला. ताटली वर आहे हे त्याले दिसत होतं. भुंकला नाई, रडला नाई, फक्त माह्याकडं पाहे अन् मंग ताटलीकडं पाहे. चंद्र निघाला, आरती झाली, नैवेद्य दाखवला, मंग मास्तरायनं त्याच्यासमोर वरणभात ठेवला. त्यानं तो चावला नाई, गिळला. मी पदर तोंडाले लावून आत गेली. मले सांगता येत नाई किती वाईट वाटलं.

अन् दुसऱ्या दिवशी उलटंच झालं. मास्तरायनं सहज बबनरावले सांगतलं, का आमचा कुत्राही काल संकष्टीले उपाशी होता. बबनरावनं, त्याच जर्सीवाल्या बबनरावनं, कपाळाले हात लावला. "काय सांगता! पूर्वजन्मीचा कोणी तपस्वी असंन हो!" सांजेले त्यायची बायको बारक्याले कुंकू लावून गेली. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो गेला, बारक्याच्या कपाळावर टिळा, खाली लिहिलं, संकष्टी करणारा श्वान. पन्नास जणायनं हात जोडले. पुढच्या चतुर्थीले तं बाया आपली पोरं घेऊन पाहायले आल्या, "पाह्य रे, कुत्रा उपास करते, अन् तुले दोन घंटे धीर निघत नाई!"

आता मले सांगा, असा मान कोण सोडन? काल ज्याच्यावर लोकं हसत होते, आज त्याच्या कुत्र्याच्या पाया पडत होते. उपास बारक्याचा अन् मान मास्तरायचा. एकादशी आली, एकादशी धरली. मंग गुरुवार लागला. मंग श्रावण आला, तेव्हा सोमवारही आले अन् शनिवारही आले. खायचे दिवस कमी अन् उपाशी दिवस जास्त झाले.

मी काही गप बसणारी बाई नाई. भांडली. जेवण सोडलं. एकदा गुरुवारी बारक्याले मोरीत नेऊन दार लावून दूधपोळी चारली. मास्तरायनं दार वाजवलं. बारक्याच्या मिशीले दूध लागलेलं होतं, ते पाह्यलं. वाटलं ओरडतीन. ओरडले असते तं मी दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. पण ते काहीच बोलले नाई. खुर्चीत जाऊन बसले अन् भिंतीकडं पाहायले लागले. चहा ठेवला, हूं. जेवता काय, हूं. आठवडाभर हूं.

मी भ्याली. मले त्या हूंची लय भीती वाटते. त्या भिंतीकडं पाहण्याच्या मांगून छातीतली कळ येते, हे मी एकदा पाह्यलं आहे. मी स्वतःहून जाऊन म्हटलं, "चुकली माही. नाई देणार उपासाच्या दिवशी काही." मंग ते बोलले. मंग जेवले. एका बाजूनं नवरा, एका बाजूनं मुका जीव, अन् मी नवऱ्याकडून झाली. दुसरी कोणती बाई असती तं तिनं काय केलं असतं, मले माहीत नाई.

बारक्या काही लहान झाला नाई. हाडं वाढायची ती वाढली होती, आता मांस गेलं. पण हे कोणाले दिसत नव्हतं. वरून रेशमाचे केस लोंबत, लोकं म्हणत, काय तेज आहे उपासाचं. त्याले आंघोळ घातली का मले दिसे. ओले केस अंगाले चिकटले का फासळ्या अन् फासळ्या मोजून घ्या. मी मास्तरायले दाखवलं. ते म्हणाले, "पुसून घे लवकर, सर्दी होईन." अन् दुसरीकडं पाहायले लागले.

श्रावणातल्या एका सोमवारच्या दुसऱ्या दिवशी बारक्या उठला नाई. पिवळं पाणी ओकला, मंग पुन्हा ओकला. कुकरची शिट्टी झाली तरी मान उचलली नाई. मी ऑटो बोलावला, त्याले पदरात घेतलं अन् डॉक्टर चारुता ढगे यायच्या दवाखान्यात नेलं. जनावरायची डॉक्टर, तरणी पोरगी आहे, पण हात मोठा मायेचा. मास्तर संगं आले, पण सुई त्यायच्यानं पाहवत नाई म्हणून बाहेर बाकावर बसले.

तिनं रक्त घेतलं, पोट दाबून पाह्यलं, अन् केसायच्या आत बोटं घातल्यावर माह्याकडं पाह्यलं. "काकू, याला खायला देत नाही का?"

मी सगळं सांगून टाकलं. संकष्टी, एकादशी, श्रावण, सगळं. तिचे ओठ घट्ट झाले. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा म्हणाली, "अशक्तपणा उपासाचा आहे. पण हे आजारपण त्याचं नाही. याच्या किडन्या बंद पडतायत. काही विषारी खाल्लं का? उंदराचं औषध? चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका?"

"नाई वो बाई," मी म्हटलं. "पोळीच भेटत नाई त्याले, मनुका कुठून भेटतीन?"

सलाईन लावलं. पायात सुई तशीच ठेवून घरी न्या म्हणाली, सकाळ-संध्याकाळ आणा.

घरी आल्यावर मास्तर खाली जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कितीक वर्षांत खाली बसले नव्हते. बारक्याचं डोकं मांडीवर घेतलं. मले म्हणाले, "पोळी आण. तूप लाव चांगलं." मी आणली. त्यायनं चिमटीएवढा तुकडा केला, त्याच्या तोंडापाशी धरला. "खाय बे राजा. आता उपास नाई. कोणताच नाई. मोठा झाला तं झाला, कोणाच्या बापाचं काय जाते? आपलाच आहे ना तू. खाय."

बारक्यानं तुकडा हुंगला. मंग मास्तरायचं बोट चाटलं अन् डोळे मिटले. पोळी तशीच राह्यली.

मास्तर रडले. मोठ्यानं नाई, नाकातून पाणी आलं. मंग माह्याकडं न पाहता म्हणाले, "तू मले कसाई समजतं, मले माहीत आहे. पण मी त्याले एकदम उपाशी नाई ठेवलं, सुधा. मलेही पाहवत नव्हतं. पोळी देता येत नाई, उपास मोडते. म्हणून मनुका देत होतो. उपासाले चालतात ना मनुका. तू पूजेले बसली का देत होतो, दोन-चार, पाच-सहा. काल सोमवारी तं लयच केविलवाणा पाहत होता. चांगली मोठी मूठ देली. काय आनंदानं खाल्ल्या त्यानं! शेपूट तं थांबतच नव्हती."

मी उठली. मोरीत गेली, नळ सुरू केला अन् उभी राह्यली. मनुका संपतात लवकर, हे माह्या ध्यानात आलं होतं. मले वाटे मास्तरच खातात, हृदयाले चांगल्या असतात म्हणून. मी कौतुकानं नवीन पुडे आणत होती.

औषध आणायचं निमित्त करून मी एकटी दवाखान्यात गेली. डॉक्टर चारुतानं ऐकून घेतलं, खुर्चीत मांगं टेकली. "तेच आहे, काकू. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काहींना एक मूठ पुरते. कोणाला होईल ते आधी कळत नाही."

"आता काही करता येईन?"

"लघवी थांबली आहे. मी करते आहे ते करत राहीन. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

मी तिच्यासमोर हात जोडले. माह्या सुनेच्या वयाची, तरी जोडले. "बाई, यायले सांगू नको. प्रेमानं देल्या त्यायनं. हृदयाचा माणूस आहे. हे ऐकलं तं तिथंच बसन."

तिनं रिपोर्टची घडी केली. मंग म्हणाली, "ठीक आहे, काकू. तुमचं घर तुम्हाला माहीत."

बारक्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, मास्तरायच्या मांडीवर. मरतानाही तो अर्धा मांडीवर होता अन् अर्धा खाली. पवनारच्या रस्त्याले आमच्या ओळखीच्या गोमाजीचं शेत आहे. त्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, खड्डा करून त्याले ठेवलं. मास्तरायनं स्वतःच्या हातानं माती लोटली.

घरी पुन्हा तेच. खुर्ची, भिंत, हूं. तेही नाई, हूंसुद्धा बंद. ताट तसंच्या तसं परत येये. मले धाक, का आता पुन्हा नागपूरले न्यावं लागते. चौथ्या का पाचव्या दिवशी त्यायनं तोंड उघडलं.

"डॉक्टरीण काय म्हणे? कायनं गेला?"

मी भाजी निवडत होती. मान वर केली नाई. "जन्मजात दोष होता म्हणे. किडन्या मुळातच कमजोर होत्या."

"उपासानं नाई?"

"नाई."

"म्हणजे मी काही..."

"तुमी काहीच नाई केलं. तो जगणारच नव्हता."

ते ढसाढसा रडले. मी त्यायचं डोकं पोटाशी धरलं. रडून झाल्यावर त्यायनं पाणी मांगतलं, मंग भात मांगतला. मी खोटं बोलली खरी, पण माणूस वाचवला, असं मले त्या दिवशी वाटलं. देवापुढं दिवाही लावला.

पण गणिताचा मास्तर तो. त्याले उत्तर भेटलं का तो तिथं थांबत नाई, ताळा करून पाहते. दोन दिवसानं सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "जन्मजात दोष म्हणजे माल खोटा."

मी म्हटलं, "कायचा माल?"

"बारक्या. अस्सल असता तं एवढा वाढला नसता. अस्सल असता तं किडन्या अशा नसत्या. मिसळ होती ती, सुधा. त्या चोरानं आपल्याले फसवलं."

अन् त्यायचं तोंड उजळलं. खरं सांगते, मी पाह्यलं. बाहेर जाऊन बबनरावले सांगून राह्यले, हात हालवून हालवून, "कुत्रा नव्हताच हो तो यॉर्कशायर. मी पहिलेच ओळखलं होतं. कोण्या गावरान कुत्र्याची पैदास. आपण उगाच जीव लावला." बबनराव म्हणाले, "तरी म्हटलं!" मी खिडकीत होती. ज्यानं मरता मरता त्या माणसाचं बोट चाटलं, त्याले तो माणूस गावरान पैदास म्हणून राह्यला होता. अन् हे शब्द त्याच्या तोंडात मीच घातले होते. माहा असा संताप झाला, का हातातली परात आपटली. मास्तरायनं बाहेरून विचारलं, "काय पडलं?"

मंग फोनाफोनी सुरू झाली. नागपूरच्या माणसाले दम, पोलिसात जातो, ग्रुपवर टाकतो. तो भ्याला असंन नाई तं कंटाळला असंन, तिसऱ्या फोनले म्हणाला, साहेब, शांत व्हा, तुमाले दुसरं पिल्लू देतो.

मास्तर नाचतच आत आले. "जिंकलो! रविवारी घेऊन येतो. अन् यावेळेस मी चूक करणार नाई. बारक्याले उशिरा उपास लावले आपण. याले पहिल्या दिवसापासून सवय लावतो. आतापासूनच कमी खाल्लं तं वाढणारच नाई. अन् अगदीच रडलं तं मधात मनुका आहेतच."

मी गॅस बंद केला.

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी त्यायले खुर्चीत बसवलं. गोळ्यायचा डबा जवळ ठेवला, पाणी ठेवलं, अन् सांगतलं. हळूहळू, लेकराले सांगावं तसं. "ऐकून घ्या. दोष नव्हता. बारक्या मनुकायनं गेला. डॉक्टरनं मले सांगतलं. तुमाले त्रास नको म्हणून मी खोटं बोलली." अन् मी त्यायच्या छातीकडं पाहत राह्यली.

त्यायले काही झालं नाई. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं पाहत असतीन तसं.

"मनुकायनं? आपण लहान लेकरायले मनुका देतो, देवाले दाखवतो, अन् त्यानं कुत्रा मरते?"

"मरते. डॉक्टर म्हणते."

"मंग पहिले इतक्यांदा देल्या तेव्हा काऊन नाई मेला? गणितात असं नाई चालत. अन् त्या दिवशी तूच सांगतलं का जन्मजात दोष होता. तेव्हा खोटं बोलली का आता बोलून राह्यली?"

मी फोन लावला. डॉक्टर चारुतानं त्यायले सगळं समजावून सांगतलं, मले शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. मास्तरायनं ऐकून घेतलं, हो हो केलं, अन् फोन माह्या हातात देला. "खरं होतं तं त्या दिवशी मले काऊन नाई बोलली ती? मी बाहेर बाकावरच होतो. तुमी दोघी बायायनं मिळून ठरवलं, पिल्लू येऊ द्यायचं नाई."

निशांतले सांगतलं. त्यानं मोबाईलवर काय काय शोधून बापाले पाठवलं. मास्तर म्हणाले, "नेटवर तं काहीही लिहिलेलं असते."

"सव्वातीन किलो कुठं लिहिलेलं होतं हो?" मी म्हटलं. "ते नेटवरचं खरं, अन् हे खोटं?"

"सुधा," ते म्हणाले, "मले माहीत आहे तुले घरात कुत्रं नको. पहिलेपासून तुले सवत वाटते." अन् हसले. माह्या दंडाले चिमटा घेतला अन् हसले. कितीक दिवसांनी एवढे खुश होते.

मी मनुकायचा डबा नालीत रिकामा केला. कोपऱ्यावरचं दुकान काही मले बंद करता येत नाई. त्या दुकानदारालेही जाऊन सांगतलं, यायले मनुका देऊ नको. तो म्हणाला, काकू, मास्तर मले शिकवायले होते, त्यायले नाई कसं म्हणू.

रविवारी पिल्लू आलं. काळंभोर, तोंडाजवळ तांबूस. अर्धी लाईन पाहायले जमली. मास्तरायनं ते तळहातावर घेतलं, वजनकाट्यावर उभे राह्यले, मंग माह्या हातात ते देऊन एकटे उभे राह्यले. "पाह्य सुधा," त्यायचे डोळे चमकत होते, "याले म्हणतात अस्सल."

पिल्लू माह्या बोटाले चोखत होतं. त्याले भूक लागली होती. मी दूध गरम करायले आत गेली, तं बाहेरून बबनरावचा आवाज आला, "मास्तर, हाही उपास धरन काय?" मास्तर म्हणाले, धरन ना, काऊन नाई धरणार.

मंगळवारी अंगारकी आहे.